स्वप्नं का पडतात: फ्रॉइडपासून आजपर्यंत कोणाचं किती मानायचं

प्रश्न साधारण असा येतो: मानसशास्त्राच्या पुस्तकात स्वप्नांवर आठ-दहा सिद्धांत दिलेले असतात. एक म्हणतो स्वप्न म्हणजे दडपलेली इच्छा, दुसरा म्हणतो मेंदूतला गोंगाट, तिसरा म्हणतो आठवणी पक्क्या करण्याचं काम, चौथा म्हणतो संकटाची रंगीत तालीम. यांतला खरा कोणता? पहाटेचं स्वप्न खरं होतं यात काही तथ्य आहे का? आणि नोकरीत वीस वर्षं काढल्यावरही दहावीच्या गणिताच्या पेपरला उशीर झाल्याचं स्वप्न पडतं, त्याचं काय करायचं?

आधी हे पाहायला हवं की हे सिद्धांत एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. ‘स्वप्नं का पडतात’ या तीन शब्दांत तीन वेगळे प्रश्न आहेत. झोपेत मेंदू चित्रं उभी कशी करतो, हा यंत्रणेचा प्रश्न. माझ्या स्वप्नात हीच माणसं आणि हेच प्रसंग का येतात, हा आशयाचा. स्वप्न पडल्याने जिवाला काही फायदा होतो का, हा उपयोगाचा. यंत्रणेबद्दल बरंच कळलं आहे. आशयाबद्दलचा पुरावा चांगला आहे. उपयोगाबद्दल आकर्षक कल्पना भरपूर आहेत, पण पुरावा कच्चा आहे. गोंधळ होतो तो एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर लिहिल्यामुळे. ‘झोपेत आठवणी पक्क्या होतात, म्हणून स्वप्नं आठवणींसाठी असतात’ हे वाक्य त्याचा नमुना आहे. त्याचा पहिला अर्धा भाग भक्कम आहे, दुसरा त्यातून आपोआप निघत नाही.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्यापासून सुरुवात करणं भाग आहे, कारण लोकांच्या बोलण्यात आजही त्याचीच भाषा असते. स्वप्नांवरचा त्याचा ग्रंथ नोव्हेंबर 1899 मध्ये बाजारात आला, मुखपृष्ठावर मात्र 1900 साल छापलेलं होतं. त्याची मांडणी अशी: मनात मान्य न होणाऱ्या इच्छा असतात. झोपेत पहारा सैल पडतो, पण पूर्ण उठत नाही, म्हणून त्या इच्छा वेश बदलून येतात. सकाळी आपल्याला आठवतो तो प्रकट आशय, त्यामागे दडलेला तो सुप्त आशय. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं ते मुख्यतः चार क्रियांनी. घनीकरणात अनेक माणसं किंवा कल्पना एकाच चित्रात मिसळतात. विस्थापनात भावना मूळ जागेवरून सरकून किरकोळ वस्तूवर बसते. तिसऱ्या क्रियेत विचारांचं चित्रात रूपांतर होतं. चौथ्या क्रियेत, म्हणजे दुय्यम संस्करणात, जाग येताना आपण तुटक तुकड्यांची सलग गोष्ट करतो. आणि हे सगळं घडतं झोप मोडू नये म्हणून. स्वप्न हा झोपेचा राखणदार, असं तो म्हणे.

यातलं काय टिकलं? आदल्या दिवसाचे बारीकसारीक अवशेष स्वप्नात येतात, हे प्रयोगांत दिसून आलं आहे. घनीकरणासारखं काहीतरी घडतं, हे कुणीही स्वतःच्या स्वप्नात पाहू शकतो: चेहरा मामाचा, आवाज साहेबांचा, आणि स्वप्नात त्याचं जराही नवल वाटत नाही. दुय्यम संस्करण तर रोजच्या बोलण्यात दिसतं. तेच स्वप्न तिसऱ्यांदा सांगितलं की त्यात ‘आणि मग’, ‘म्हणून’ असे दुवे वाढलेले असतात. टिकलं नाही ते मुख्य सूत्र, म्हणजे प्रत्येक स्वप्नामागे इच्छापूर्ती असते हे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना तोच भयंकर प्रसंग रात्रीमागून रात्री दिसतो, तो इच्छापूर्तीत बसत नाही, हे खुद्द फ्रॉइडने 1920 मध्ये मान्य केलं. त्याहून मोठी अडचण पद्धतीची आहे. स्वप्नात इच्छा दिसली तर सिद्धांत खरा, नाही दिसली तर ती वेश बदलून आली, म्हणूनही सिद्धांत खरा. जो सिद्धांत चुकूच शकत नाही, त्याची तपासणी करता येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र तपासणी करता आली, आणि निकाल बोलका निघाला. मुलांची स्वप्नं म्हणजे उघडी, साधी इच्छापूर्ती, असं फ्रॉइडचं म्हणणं. त्याची मुलगी ॲना 19 महिन्यांची असताना झोपेत स्ट्रॉबेरीचं नाव घेत बरळली, हे त्याचं गाजलेलं उदाहरण. डेव्हिड फोक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मुलांना वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत झोपवून ठरावीक वेळी उठवलं आणि विचारलं. पाच वर्षांखालच्या मुलांना उठवल्यावर बहुतेक वेळा काहीच सांगता येत नव्हतं. जे सांगितलं ते स्थिर चित्रासारखं, एखादा प्राणी दिसला इतकंच. गोष्टीसारखं, स्वतः मूल त्यात काहीतरी करतंय असं स्वप्न सात-आठ वर्षांच्या आसपास येऊ लागतं, आणि मोठ्यांइतक्या वेळा स्वप्न सांगणं नऊ ते अकरा या वयात जमतं. डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, जिला आपण रेम झोप म्हणतो, ती मात्र नवजात बाळात एकूण झोपेच्या जवळपास निम्मी असते. म्हणजे रेम झोप असली की स्वप्न असतंच असं नाही. स्वप्न पडण्यासाठी मनात दृश्य रचण्याची क्षमता लागते, आणि ती हळूहळू वाढते. स्वप्नांबद्दलचा कुठलाही सिद्धांत ऐकला की तो या निष्कर्षापुढे टिकतो का, हे आधी पाहावं.

फ्रॉइडचा एके काळचा सहकारी कार्ल युंग याच्याबद्दल थोडक्यात. स्वप्न काही लपवत नाही, जागेपणीच्या एकांगी वृत्तीला ते तोल देतं, असं त्याचं मत होतं. समुपदेशनात हा विचार संभाषण सुरू करायला उपयोगी पडतो. पुरावा म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आता यंत्रणा. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी रेम झोप नोंदवली. 1957 मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्यांना मुद्दाम उठवून पाहिलं. रेममधून 191 वेळा उठवलं तेव्हा 152 वेळा स्वप्न आठवलं, इतर झोपेतून 160 वेळा उठवलं तेव्हा फक्त 11 वेळा. रेम म्हणजे स्वप्न हे समीकरण इथून रूढ झालं. ते मोडलं एका छोट्या बदलाने. 1962 मध्ये फोक्सने ‘स्वप्न पडत होतं का’ असं न विचारता ‘आत्ता मनात काय चाललं होतं’ असं विचारलं. तेव्हा रेम नसलेल्या झोपेतूनही निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही आशय मिळाला. तो बहुधा छोटा, विचारांसारखा, कमी चित्रमय असतो, पण पहाटेच्या हलक्या झोपेतला तर रेमच्या स्वप्नापासून वेगळा ओळखूही येत नाही. स्वप्नांची नोंद ठेवणाऱ्याने हा प्रश्न बदलण्याचा धडा घ्यावा. ‘स्वप्न’ म्हटलं की माणूस चित्रपटाची अपेक्षा करतो आणि हातातलं साधं तुकड्याचं स्वप्न ‘काही नव्हतं’ म्हणून सोडून देतो.

1977 मध्ये हार्वर्डचे ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी फ्रॉइडवर सर्वांत मोठा हल्ला केला. मेंदूच्या देठात पॉन्स नावाचा भाग आहे. रेममध्ये तिथल्या असिटिलकोलिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनावर चालणाऱ्या पेशी जागृत होतात, आणि नॉरॲड्रेनालिन व सेरोटोनिन ही तशीच दुसरी रसायनं सोडणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प होतात. पॉन्समधून वर जाणारे संकेत अर्थहीन असतात. वरचा मेंदू त्यांना जमेल तशी गोष्ट चिकटवतो, तेच स्वप्न. याला सक्रियता-संश्लेषण सिद्धांत म्हणतात. यात लपवाछपवी नाही, पहारेकरी नाही. स्वप्न विचित्र असतं ते मेंदूची रासायनिक अवस्था तशी असते म्हणून.

मग मार्क सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना अगदी साधा प्रश्न विचारला: इजेनंतर तुम्हाला स्वप्नं पडतात का? 1997 मध्ये त्यांनी 361 जणांची माहिती मांडली. पॉन्सला इजा झाली तरी स्वप्नं गेली असं दिसलं नाही. ती गेली दोन ठिकाणच्या इजेने. एक, मेंदूच्या मागच्या बाजूला जिथे पार्श्व, कुंभ आणि पश्च खंड मिळतात तिथे, आणि दुसरं, कपाळामागच्या भागात खोलवर, जिथून ओढ आणि प्रेरणा यांच्याशी संबंधित डोपामिन या रसायनाचे मार्ग जातात. पूर्वी मनोविकारांसाठी कपाळामागचे हेच तंतू कापण्याची शस्त्रक्रिया होत असे, आणि त्या रुग्णांचीही स्वप्नं थांबल्याच्या नोंदी होत्या. पार्किन्सनसाठी, म्हणजे कंपवातासाठी, दिलं जाणारं लेव्होडोपा, जे मेंदूत डोपामिन बनतं, त्याने स्वप्नं ठसठशीत होतात आणि कधी भयानकही. सोल्म्स यांच्या मते यातून फ्रॉइडची इच्छा मागच्या दाराने परत आली. इथे जरा थांबावं. डोपामिनचे मार्ग गुंतलेले आहेत यावरून ‘स्वप्नात ओढ, शोध, हवंनको यांना जागा आहे’ इतकं म्हणता येतं. ‘दडपलेली लैंगिक इच्छा वेश बदलून आली’ हे त्यातून सिद्ध होत नाही.

पुढे 2017 मध्ये फ्रान्चेस्का सिक्लारी आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर 256 इलेक्ट्रोड लावून रात्रभर नोंद घेतली. झोप रेम असो वा नसो, स्वप्न पडत असेल तेव्हा मेंदूच्या मागच्या भागातल्या संथ लहरी कमी होतात. तो भाग जणू तेवढ्यापुरता जागा असतो. आज यंत्रणेचं सर्वांत पटणारं चित्र हेच आहे: बाहेरचं जग बंद, शरीर शिथिल, तर्क आणि आत्मपरीक्षण करणारे कपाळामागचे भाग मंद, भावनांशी संबंधित अमिग्डाला जोरात, आणि दृश्य रचणारा मागचा भाग चालू. उडता येणं, मेलेलं माणूस जेवायला बसलेलं असणं, आणि त्यात काहीच वावगं न वाटणं, हे सगळं या अवस्थेतून समजतं. कोणतं माणूस जेवायला बसलं, हे मात्र यंत्रणा सांगत नाही. तो आशयाचा प्रश्न.

आशयाच्या प्रश्नावर मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो तो सातत्याच्या सिद्धांतावर. आपल्याकडे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणतात, तेच कॅल्विन हॉल यांनी मोजून दाखवलं. 1966 मध्ये हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी स्वप्नं मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिच्यासाठी 100 पुरुष व 100 स्त्रिया यांची प्रत्येकी पाच, म्हणजे एकूण 1000 स्वप्नं मोजली. पात्रं किती, ओळखीची किती, भांडण किती, मैत्री किती, दुर्दैव किती, भावना कोणती, असं एकेक मोजायचं. अर्थ लावायचा नाही, फक्त मोजायचं. त्यातून कळलं की दुर्दैवी घटना चांगल्या घटनांपेक्षा बऱ्याच जास्त असतात आणि भावना मुख्यतः अप्रिय असतात. पुरुषांच्या स्वप्नांतली दोन तृतीयांश पात्रं पुरुष असतात, स्त्रियांच्या स्वप्नांत मात्र स्त्री-पुरुष जवळजवळ सारखे असतात. विल्यम डॉमहॉफ यांनी ही पद्धत पुढे नेली. एकाच व्यक्तीच्या 75 ते 100 स्वप्नांची मोजणी केली की तिच्या आयुष्यातले महत्त्वाचे लोक, ताण आणि ओढी बऱ्यापैकी ओळखता येतात.

सातत्य असतं ते काळजीचं आणि नात्यांचं, दिवसभराच्या कामांचं नव्हे. अर्न्स्ट हार्टमन यांनी पाहिलं की दिवसाचे कितीतरी तास वाचण्यात, लिहिण्यात, टंकण्यात, हिशेबात घालवणारी माणसंही या गोष्टी स्वप्नात क्वचितच करतात. जे मनाला लागलेलं असतं ते येतं, आणि ते अनेकदा भावनेच्या चित्राच्या रूपात येतं. आगीतून किंवा हल्ल्यातून वाचलेल्या माणसाला प्रत्यक्ष आग न दिसता प्रचंड लाट अंगावर येताना दिसते. हार्टमन म्हणत, चित्र बदललेलं असतं, भावना तीच असते.

इथेच डॅनियल वेगनर यांचा 2004 चा प्रयोगही सांगायला हवा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं एखाद्या व्यक्तीचा विचार करायचाच नाही, असं विद्यार्थ्यांना सांगितलं. ज्यांनी तो विचार दाबला, त्यांच्या स्वप्नात ती व्यक्ती जास्त आली. दडपण आणि स्वप्न यांच्यात संबंध आहे, हे फ्रॉइडचं म्हणणं इतक्यापुरतं खरं ठरतं, आणि त्याला पहारेकरी किंवा गुप्त सांकेतिक भाषा लागत नाही. म्हणूनच स्वप्नांच्या अर्थांचे कोश कामाचे नाहीत. साप म्हणजे शत्रू, दात पडणं म्हणजे घरात मृत्यू, अशा याद्यांना आधार नाही. दातांच्या स्वप्नांबद्दल तर 2018 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांना असं आढळलं की त्यांचा संबंध मानसिक त्रासाशी नसून जाग आल्यावर दात-हिरड्यांत जाणवणाऱ्या ताणाशी आहे. अशी स्वप्नं वारंवार पडत असतील तर आधी झोपेत दात खाल्ले जातात का, हे दंतवैद्याकडून तपासून घ्यावं.

उपयोगाच्या प्रश्नावर येऊ. फ्रान्सिस क्रिक आणि ग्रॅम मिचिसन यांनी 1983 मध्ये मांडलं की रेममध्ये मेंदू चुकीचे, निरुपयोगी जोड पुसतो, म्हणजे आपण विसरण्यासाठी स्वप्न पाहतो. त्यांचा एक आधार असा होता की एकिडना या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्यात रेम झोप नसते आणि मेंदूचा पुढचा भाग मात्र मोठा असतो. पुढे एकिडनामध्ये रेम झोप आढळली. अलीकडे, 2021 मध्ये, एरिक होएल यांनी जवळपास उलट बाजूने विचार केला: मेंदू रोजच्या ठरावीक अनुभवात फार घट्ट अडकू नये म्हणून स्वप्नं त्याला विचित्र नमुने पुरवतात. ही कल्पना संगणकाच्या शिकण्यावरून सुचलेली आहे. वाचायला छान आहे, पण तिची परीक्षा अजून व्हायची आहे.

स्मृतीच्या सिद्धांताचा पुरावा जास्त जाड दिसतो, म्हणून तो काळजीने तपासावा. 1994 मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांमध्ये दाखवलं की हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित मेंदूच्या भागातल्या, दिवसा धावताना एकत्र सक्रिय झालेल्या पेशी नंतरच्या गाढ झोपेतही पुन्हा एकत्र सक्रिय होतात. झोपेचा स्मृतीला उपयोग होतो, याचा हा भक्कम आधार. पण उंदराला त्या वेळी स्वप्न पडलं का, हे आपण विचारू शकत नाही. 2000 मध्ये रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी माणसांना टेट्रिस हा खेळ तासन्तास खेळवला. झोप लागताना अनेकांना पडणारे ठोकळे दिसले. त्यांत स्मृतिभ्रंशाचे पाच रुग्ण होते, ज्यांना आपण खेळलो हेच आठवत नव्हतं, आणि त्यांतल्या तिघांनाही ठोकळे दिसले. 2010 मध्ये एरिन वॉम्सली यांनी चक्रव्यूहाचं काम शिकवून लोकांना डुलकी घ्यायला लावली. ज्यांनी त्याबद्दल स्वप्न पडल्याचं सांगितलं ते नंतर बरेच सुधारले. मात्र असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यांच्या मेंदूत उजळणी जोरात चालली होती आणि स्वप्न ही तिची फक्त खूण होती, अशीही शक्यता राहते. ताप मोजणारा पारा वर चढतो, पण ताप पाऱ्यामुळे येत नाही, तसं.

संकटाच्या तालमीचा सिद्धांत फिनलंडच्या अँटी रेव्होन्सुओ यांनी 2000 मध्ये मांडला. आदिमानवाच्या आयुष्यात हल्ले, श्वापदं, भांडणं रोजची होती. झोपेत त्यांचा सराव करणारे जास्त टिकले, म्हणून आजही आपली स्वप्नं भीतीने भरलेली असतात. या सिद्धांताचं कौतुक असं की तो तपासता येईल अशी भाकितं करतो. एक भाकीत असं की प्रत्यक्ष धोका जास्त अनुभवलेल्यांना धोक्याची स्वप्नं जास्त पडावीत. हिंसा पाहिलेल्या कुर्दी मुलांची आणि सुरक्षित वातावरणातल्या फिनिश मुलांची तुलना झाली, आणि निकाल भाकिताप्रमाणे आला. दक्षिण आफ्रिकेतल्या गुन्हेगारीचं प्रमाण जास्त असलेल्या भागातल्या विद्यार्थ्यांची वेल्समधल्या विद्यार्थ्यांशी तुलना झाली, आणि निकाल उलटा आला. शिवाय धोक्याच्या स्वप्नात माणूस शहाणपणाने सुटका करून घेतो असं फार क्वचित दिसतं. पाय जड होतात, आवाज फुटत नाही, आणि ऐन वेळी जाग येते. सराव म्हणून हे फारसं उपयोगाचं दिसत नाही.

मला सर्वांत आश्वासक वाटतो तो भावना हलक्या होण्याचा विचार. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटातून जाणाऱ्या, नैराश्य आलेल्या लोकांची स्वप्नं प्रयोगशाळेत नोंदवली. ज्यांच्या स्वप्नात पूर्वीचा जोडीदार भावनांसकट, जुन्या आठवणींशी गुंफून येत होता, ते पुढे जास्त सावरलेले आढळले. मॅथ्यू वॉकर यांनी याला रासायनिक बाजू जोडली: रेममध्ये नॉरॲड्रेनालिन खाली गेलेलं असतं, म्हणून कटू आठवण ताणाशिवाय पुन्हा उघडता येते आणि तिची धार कमी होते. आघातोत्तर ताणात, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मनोविकारात, नॉरॲड्रेनालिन खाली जात नाही, म्हणून तेच स्वप्न परत परत येतं, असा तर्क. या तर्कावर प्राझोसिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध दुःस्वप्नांसाठी वापरलं गेलं आणि लहान चाचण्यांत चांगलं वाटलं. 2018 मध्ये 304 माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. काही रुग्णांना त्याचा उपयोग होतो असं डॉक्टर आजही मानतात, पण सिद्धांताला हा धक्काच आहे. त्यामुळे ‘स्वप्नं पडली नाहीत तर मन आजारी पडेल’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मेंदूच्या इजेनंतर स्वप्नं थांबलेली माणसंही आयुष्य जगतात. स्वप्नं हा झोपेचा केवळ आनुषंगिक परिणाम असेल, त्याला वेगळं कार्यच नसेल, हे तत्त्वज्ञ ओवेन फ्लॅनगन यांचं मत अजून खोडलं गेलेलं नाही.

आता पहाटेचं स्वप्न. झोपेचं एक चक्र सुमारे 90 मिनिटांचं असतं आणि रात्रीत चार ते सहा चक्रं होतात. सुरुवातीच्या चक्रांत गाढ झोप जास्त आणि रेम काही मिनिटांचीच. शेवटच्या चक्रांत रेम अर्ध्या तासापर्यंत लांबते. म्हणून पहाटेची स्वप्नं लांब, रंगीत, गोष्टीसारखी असतात, आणि लगेच जाग येत असल्याने लक्षातही राहतात. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, भविष्यसूचक आणि दोषांमुळे पडणारं. यांतले पहिले पाच निष्फळ मानले आहेत. रात्रीच्या पहिल्या भागातलं स्वप्न अल्पफल, आणि ज्यानंतर पुन्हा झोप लागत नाही ते महाफल, असंही तिथे म्हटलं आहे. निरीक्षण अचूक आहे: शेवटचं स्वप्न सर्वांत प्रभावी वाटतं. भविष्याचा निष्कर्ष मात्र धरता येत नाही. काळजीत असलेला माणूस आजारी नातेवाइकाबद्दल अनेक रात्री स्वप्नं पाहतो, आणि जी रात्र जुळते तीच घरात वर्षानुवर्षं सांगितली जाते.

परीक्षेच्या स्वप्नाबद्दल फ्रॉइडचं एक निरीक्षण अजूनही दिलासा देतं: ज्या परीक्षेत आपण पास झालो तीच बहुधा स्वप्नात येते. फ्रान्समध्ये इझाबेल आर्नुल्फ यांच्या गटाने वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिलेल्या 719 विद्यार्थ्यांना विचारलं. 60 टक्क्यांना आदल्या रात्री परीक्षेचं स्वप्न पडलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांत काहीतरी बिघडलं होतं: उशीर, हरवलेलं साहित्य, न सुटणारा प्रश्न. ज्यांना त्या सत्रात अशी स्वप्नं जास्त वेळा पडली त्यांचे गुण सरासरीने जास्त होते. स्वप्नाने गुण वाढवले असा याचा अर्थ नाही, मनापासून तयारी करणाऱ्याला विषय जास्त लागलेला असतो हे पुरेसं कारण आहे. पण ‘नीट’च्या आदल्या रात्री पेपर कोरा दिल्याचं स्वप्न पडून रडवेल्या झालेल्या मुलाला हे जरूर सांगावं. वयाच्या चाळिशीत तेच स्वप्न पडत असेल, तर सध्या आपलं मोजमाप कुठे चालू आहे ते पाहा: मूल्यमापनाचा महिना, नवा साहेब, सासरच्यांची भेट. गणिताशी त्याचा काही संबंध नसतो.

स्वतःची स्वप्नं समजून घ्यायची असतील तर चार ते सहा आठवडे नोंद ठेवा. झोप पुरेशी हवी, नाहीतर शेवटची रेम कापली जाते आणि हातात काही येत नाही. जाग आल्यावर कूस न बदलता मिनिटभर पडून राहा आणि ‘आत्ता मनात काय होतं’ असं विचारा. मोबाइल उघडला की स्वप्न गेलं, म्हणून उशाशी कागद-पेन ठेवा. आधी भावना लिहा आणि तिला शून्य ते दहा गुण द्या, मग माणसं, मग जागा, शेवटी घटना. अर्थ त्या वेळी लिहू नका. कुणाला सांगण्याआधी लिहा, कारण सांगताना गोष्ट नीटनेटकी होते. दुसऱ्या रकान्यात आदल्या दिवशी आणि पाच-सात दिवसांपूर्वी काय घडलं ते टिपा. काही प्रसंग लगेच न येता आठवड्याने स्वप्नात येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. एकेका स्वप्नावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. वीस-पंचवीस जमली की कोण वारंवार येतं आणि कोणती भावना पुन्हा पुन्हा येते, तेवढं मोजा. नोंद ठेवल्याने भीतीची स्वप्नं वाढत असतील किंवा स्वप्न आणि वास्तव यांतलं अंतर पुसट होऊ लागलं असेल, तर नोंद थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

आठवड्यातून एकदा किंवा जास्त दुःस्वप्नं पडत असतील तर सिद्धांत कोणताही धरा, उपचार आहे. त्याला प्रतिमा-सराव म्हणतात. 2001 मध्ये बॅरी क्रॅको यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या 168 स्त्रियांवर चाचणी घेतली, आणि फक्त तीन सत्रांच्या या उपचाराने दुःस्वप्नं लक्षणीय कमी झाली. पद्धत अशी: सर्वांत भयंकर स्वप्न न घेता मध्यम तीव्रतेचं निवडा. ते लिहा. मग त्यात मनाला येईल तो बदल करून नवं स्वप्न लिहा. शेवटच बदलला पाहिजे असं नाही, सुरुवात, जागा, माणसं, काहीही. रोज दिवसा दहा ते वीस मिनिटं डोळे मिटून फक्त नवं स्वप्न पाहा, जुन्याची उजळणी करू नका. आठवड्यात एक-दोनपेक्षा जास्त नवी स्वप्नं हाताळू नका. चुकतं ते इथे: लोक पहिल्याच दिवशी खऱ्या आघाताचा प्रसंग घेतात आणि घाबरून सोडून देतात, किंवा चार दिवसांत नवं स्वप्न जसंच्या तसं दिसावं अशी वाट पाहतात. ते दिसण्याची गरज नसते, जुन्याची वारंवारता उतरली की पुरे. खऱ्या आघाताशी जोडलेली स्वप्नं तज्ज्ञाच्या सोबतीनेच हाताळावीत.

त्याआधी साधी कारणं तपासा. रात्री घेतलेलं मद्य पहिल्या अर्ध्या रात्री रेम दाबतं आणि उत्तररात्री ती उसळून येते. प्रोप्रानोलॉलसारखी काही औषधं, नैराश्यावरची काही औषधं अचानक बंद करणं, घोरण्यासोबत श्वास अडकणं, यांनीही दुःस्वप्नं वाढतात. औषध स्वतःहून थांबवू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

आणि पन्नाशीनंतर कुणी झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडू लागलं, ओरडू लागलं, शेजारी झोपलेल्याला मारू लागलं, तर तो ‘वाईट स्वप्नांचा स्वभाव’ समजून सोडू नये. रेममध्ये शरीर शिथिल ठेवणारी यंत्रणा बिघडल्याचं ते लक्षण असू शकतं. कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी 1986 मध्ये हा विकार वर्णन केला, आणि पुढे असं दिसलं की अशा अनेक रुग्णांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच जातीचा स्मृतिभ्रंश होतो. निदानासाठी रात्रभराची झोपेची चाचणी लागते, आणि जायचं ते मेंदूविकारतज्ज्ञांकडे. तोपर्यंत पलंगाजवळच्या काचेच्या आणि टोकदार वस्तू हलवा, गादी जमिनीवर घ्या, आणि जोडीदाराने काही दिवस वेगळं झोपावं.